दिली ती दिली

सापगाव, ४ मार्च

पूजा,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही, ते तुझ्या लक्षात आलंच असेल. दिवाळीपासून माझा नंबर ब्लॉक, दीपेशचा ब्लॉक. माझ्या नवऱ्याने काय घोडं मारलं होतं तुझं? कागद ब्लॉक करता येत नाही म्हणून कागदावर आलेय. दीपेश मुरबाडला कंपनीत जाताना हे पत्र बाजारात गंगीकडे देईल. ती तुझ्या शेजारीच रानभाजी घेऊन बसते, तुझ्या हातात ठेवेल. सख्ख्या बहिणीला नाही म्हणशील, पण गंगीला नाही म्हणायची तुझी टाप नाही.

आमच्याकडे मनस्वीला बाया आल्यात. शाळेत निम्म्या वर्गाला कांजिण्या झाल्या, आपली कशी मागे राहील? पाठीवर दोन पुटकुळ्या दिसल्या आणि आज सगळं तोंड भरलंय. सासूबाईंनी दारावर कडुलिंबाचा डहाळा बांधला. फोडणी बंद, कंगवा बंद, मोठ्याने बोलणं बंद. माझ्या पोरीसमोर हात जोडून विचारतात, "आई, काय पायजे तुमाला?" आणि आई चक्क आइस्क्रीम मागते. बायांचा शब्द मोडायचा नाही, मग दीपेश जातो शहापूरला आइस्क्रीम आणायला.

तुझीच भाची. तुला बाया आल्या तेव्हा मला उंबरमाळीला मावशीकडे धाडलं होतं. परत आले तर माझा हिरवा परकर तुझ्या अंगात. मी भोकाड पसरलं तर आई म्हणाली, "बायांनी मागितला. आता तुजा नाय तो." तू माझ्याकडे बघून जीभ दाखवली होतीस.

आता तू काय ओरडशील ते मला इथे ऐकू येतंय. "तू त्या खोलीत पाय ठेवायचा नाय." माहीत आहे गं. बाहेरची किडनी अंगाने हाकलून देऊ नये म्हणून माझ्या गोळ्या अंगातल्या राखणदाराला झोपवून ठेवतात, आणि राखणदार झोपला की कुणीही आत येतं. हे तू मला इतक्या वेळा सांगितलंस की मनस्वीलाही पाठ झालंय. पण बायांची सेवा घरच्या सुनेनेच करायची असा सासूबाईंचा दंडक. आणि दंडक नसता तरी पोर माझी आहे. तापात तिला माझाच हात लागतो.

शिवाय आपल्या माहेरी बाया येऊन गेल्यात. ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आईने सांगितलंच की, "येऊन गेल्या, वेशीपर्यंत नीट पाठवणी केली." तूही शेजारी बसून मान हलवलीस. तेव्हा उगाच जीव टांगणीला लावू नकोस.

गोळ्या वेळेवर घेते. कुणी विचारत नाही तरी घेते.

अनिता


सापगाव, १९ मार्च

पूजा,

उभ्याने लिहितेय, खिडकीच्या कट्ट्यावर. बसलं की पाठ खाजते, आडवं झालं की सगळंच अंग खाजतं. घरात येरझाऱ्या घालून घालून सासूबाईंना चक्कर आणली मी.

मनस्वीच्या बायांची पाठवणी झाली. हळद, दहीभात, हिरव्या बांगड्या, टोपली वेशीवर ठेवून आलो. पोर उड्या मारतेय. आणि त्या टोपलीतून त्या परत माझ्याकडे आल्या असाव्यात. काल आरशात गळ्यावर एक फोड दिसला, दुपारपर्यंत मोजायची सोय राहिली नाही.

आरशासमोरच डोक्यात उजेड पडला. आपल्याकडे बाया घराला येतात. एकदा मानपान करून पोचवल्या की सगळ्या घराचं झालं, असंच आपण धरतो. आई डॉक्टरांशी खोटं बोलली नाही. तू खोटी मान हलवली नाहीस. पण त्या दिवसांत मी घरात नव्हतेच, मी उंबरमाळीला करवंदं खात होते. हे आपल्या तिघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. मी परकरासाठी जन्मभर तुझ्यावर डूख धरला आणि त्यातली कामाची गोष्ट विसरले.

आता मी बाया आहे. सासूबाई मला "अहो-जाहो" करतात. लग्नाला बारा वर्षं झाली, पहिल्यांदा. त्यांनी माझा गोळ्यांचा डबा उचलून देव्हाऱ्याखाली ठेवला. बाया घरात असताना औषध चालत नाही, त्यांचा अपमान होतो. डबा मी मुकाट्याने दिला, कारण तो रिकामा होता. पाकिटं आधीच काढून तांदळाच्या पिंपात पुरली होती. सकाळ-संध्याकाळ तांदूळ काढायला म्हणून जाते आणि गोळी गिळून येते. सासूबाई म्हणतात, "बायांना भात लई आवडतो वाटतं."

तेव्हा तुझी किडनी सुखात आहे. 'तुझी' लिहिलं. दिवाळीत 'माझी' म्हटलं होतं.

ते बोलणं माझ्या डोक्यातून जात नाही, तर लिहूनच टाकते. दोन वर्षं रोज संध्याकाळी आठ वाजता तुझा फोन. "घेतलीस गोळी? पाणी किती प्यालीस? लोणचं खाल्लंस का?" तुझ्या ओटीवर फराळाला बसले तर तू सगळ्या पाहुण्यांसमोर माझ्या ताटातली चकली उचललीस. मग माझी सटकली. "दिलीस ना? मग दिली ती दिली. आता ती माझी आहे. रोज चौकशी करायला ती काय गाय आहे, माझ्याकडे चारायला सोडलेली?" असं म्हटलं मी. म्हटलं ते म्हटलं. चकली उचलायला नको होतीस, हे मी आजही म्हणेन. पण तुझं तोंड कसं झालं ते मी पाहिलं, आणि नंतर आठ वाजले की मला काही सुचत नाही.

दीपेश सांगतो, गंगीने निरोप दिला: "चिठ्ठी वाचली नाय तिनं. वजनाच्या दगडाखाली ठेवलीय." भाजीला वजन कमी पडतं का तुला?

थोडा ताप आहे, खोकलाही आहे थोडा. ऊन बाधलं असेल. पाठवणी झाली की दाखवून येते डॉक्टरला.

अनिता


शहापूर, २२ मार्च

पूजा,

अक्षर वाईट आहे, चालवून घे. नाकात नळी आहे. शहापूरला सरकारी दवाखान्यात खाटेवर बसलेय. ॲम्ब्युलन्स यायचीय, जिथे किडनी बसवली तिथेच नेणार आहेत. बोलायला गेलं की दम लागतो. दोन शब्द आणि खोकला. लिहिता मात्र येतं. फोन उचलला असतास तरी उपयोग नव्हता, घे, सुटलीस.

इथे कशी आले ते सांगते, तू हसशील.

काल सकाळी न्हाणीतून चुलीपर्यंत येताना तीनदा बसले. ओठ काळे पडलेत असं मनस्वी म्हणाली. दीपेश जीप सांगायला निघाला तर सासूबाई उंबऱ्यात आडव्या. "बाया हायत घरात. बाया हायत तवर माणूस उंबऱ्याबाहेर नाय न्यायचा. कोपल्या तर सगळं घर बुडंल." दीपेश आईकडे बघतो, माझ्याकडे बघतो. त्याचं तुला माहीत आहे, घाण्याच्या बैलासारखा एकाच जागी फिरतो.

मला तुझा परकर आठवला. म्हटलं, बायांचा शब्द मोडत नाहीत ना? मी उठून बसले. केस मोकळेच होते. हात वर केला आणि म्हटलं, "रंभा."

पूजा, सासूला नावाने हाक मारली मी. दीपेशच्या हातातला फोन खाली पडला.

"रंभा, गाडी आण."

सासूबाईंनी हात जोडले. "आई, कुटं जायचंय तुमाला?"

"शहापूरला. मोठ्या डॉक्टरकडं. आत्ता."

त्या बाजूला झाल्या. जीप आली तेव्हा स्वतः पुढे बसल्या, मांडीवर लिंबाचा डहाळा, आणि सापगावच्या पुलावर ड्रायव्हरला म्हणाल्या, "सावकास, बाया बसल्यात मागं." अंगात काही आलं नव्हतं माझ्या. आवाज माझाच होता, आणि भीतीही माझीच होती.

दीपेशला तुला काही सांगायचं नाही म्हणून बजावलंय. तो पत्र फोडत नाही, तेवढा साधा आहे. म्हणजे हे फक्त तुला कळेल. वाचलंस तर.

अनिता


२४ मार्च

पूजा,

काचेच्या खोलीत आहे. एकटी. पाय जमिनीला लावायची बंदी, तरी मी पलंगाच्या एका कडेवरून दुसऱ्या कडेला सरकतेय. निजवत नाही.

डॉक्टरीणबाईंनी एक्स-रे उजेडात धरून दाखवला. दोन्ही फुप्फुसांवर पांढरे ठिपके, रांगोळीचा हात झटकल्यासारखे. म्हणाल्या, "अनिताताई, अंगावर दिसतंय तेच आत उतरलंय. तुमच्या मनस्वीच्या अंगाने कांजिण्या आठवड्यात परतवल्या. तुमच्या अंगाकडे लढायला माणूसच नाही." शिरेतून औषध देतात, दिवसातून तीनदा, हळूहळू, बरोबर सलाईन. ते औषधसुद्धा किडनीला जड जातं म्हणे, म्हणून रोज रक्त काढतात.

आणि मग मुख्य गोष्ट. म्हणाल्या, किडनी सांभाळणाऱ्या गोळ्यांपैकी एक पूर्ण बंद, दुसरी निम्मी. राखणदाराला जागं करायचं. मी विचारलं, मग तो किडनीला नाही का चावणार? त्या म्हणाल्या, "चावू शकतो. कदाचित किडनी जाईल, कदाचित राहील. पण फुप्फुसं गेली तर किडनी कुणाच्या पोटात ठेवायची?"

बाहेर सासूबाईंना हे कळलं तर म्हणाल्या, "मी काय वेगळं सांगत होते? बाया असताना गोळ्या नाय घ्यायच्या." डॉक्टरीणबाई त्यांना आता आपल्यातल्याच वाटायला लागल्यात.

मी मान हलवली. कालपासून नर्स ती गोळी देत नाही.

पूजा, मी घेतेय.

तांदळाच्या पिंपातली पाकिटं निघताना ब्लाउजमध्ये घातली होती. आता उशीच्या खोळीत आहेत. नर्स वळली की एक काढते आणि सलाईनच्या हाताने गिळते. घास गिळायला त्रास होतो, गोळी बरोब्बर उतरते. कुणाला सांगितलेलं नाही. दीपेश काचेपलीकडे उभा राहून हात हलवतो, त्यालाही माहीत नाही.

मला वेडी म्हण. पण ती किडनी मला कुणी बाजारातून आणून दिलेली नाही. तुझ्या बरगडीखाली वीतभर वण आहे. त्या वर्षी लावणीला तू चिखलात वाकू शकली नाहीस, तुझ्या सासरच्यांनी तोंडाला येईल ते ऐकवलं तुला. आणि मी ती डॉक्टरांच्या एका सहीवर मरू देऊ? तुला न विचारता? दिवाळीत 'माझी' म्हटलं ते तोंडाने. माझ्याने होत नाही.

तू सांग काय करू. तू म्हणालीस तर बंद करते. दुसऱ्या कुणाचं ऐकणार नाही.

अ.


२५ मार्च

पूजा,

गंगी म्हणते, सगळी पत्रं दगडाखालीच आहेत.

श्वास घ्यायला मोजावं लागतंय. नळी काढून मोठा मास्क लावलाय. त्याच्याखालून लिहिते. नर्स ओरडते, "झोपा." कशी झोपू?

डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून गेल्या. औषध चालू आहे, गोळी बंद आहे, तरी हवा तसा उतार का पडत नाही, हे त्यांना समजत नाही. मला समजतं. मी तोंड भिंतीकडे केलं.

जवळ बसायला माणूस हवं म्हणाल्या, पण ज्याला कांजिण्या होऊन गेल्यात तेच. सासूबाई बाहेरून ओरडल्या, "आमच्या घरी येऊन गेल्यात." मी पाटीवर लिहिलं, घराला नको, माणसाला विचारा. दीपेशला ठाऊक नाही. सासूबाईंनाही स्वतःचं आठवत नाही.

तुझं मला ठाऊक आहे. डाव्या भुवईवर खोल वण आहे. सगळ्यांत तूच या खोलीत येऊ शकतेस.

बायांनी परकर मागितला, कुणी नाही म्हटलं नाही. आता बाया मी आहे. मी मागतेय.

ये. नाहीतर नुसतं सांगून पाठव. गोळी ठेवू की टाकू.


२६ मार्च
(हिरव्या कागदावर, दुसऱ्या अक्षरात)

ताय,

खाली जिन्याजवळ बसलेय. वर सोडायच्या आदी बाया खरंच येऊन गेल्यात का ते बघाया रक्त घेतलं, रिपोर्ट येईस्तवर थांबा म्हणतात. नर्सबाईकडून कागद मागून घेतला. ती हा तुला देईल नि तिथंच उभी राहील, मी सांगितलंय तिला.

उशीच्या खोळीतली पाकिटं तिच्या हातात दे. आत्ता. सगळी. मी वर आल्यावर उशी झाडणार हाय, तवा हुशारी करू नको.

पाची पत्रं आज एकदम वाचली. सकाळी दीपेश पाचवं घेऊन आला तर त्याचं तोंड बघून गंगीनं माज्या टोपलीवर फडकं टाकलं. म्हणाली, "आदी वाच, मग भाजी विक." भाजी तिथंच हाय. गंगीनं विकली असंल नायतर गाईनं खाल्ली असंल.

दगडाखाली ठेवली ती वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. वाचायची नसती तर टाकली असती ना. राग निघाल्याबिगर वाचवत नव्हतं.

तुला वाटलं मी किडनीसाठी फोन करत होते. येडी हायस तू. किडनी माज्याकडं अजून एक हाय. ताय दुसरी नाय.

नि नीट ऐक, पुन्ना सांगणार नाय. गाय चारायला नाय दिली. गायच दिली. दिली ती दिली. जगली तर तुजी जगली, मेली तर तुजी मेली. माज्या दावणीला नाय ती. मला विचारायचं नाय, कदी नाय.

तू मात्र मरायचं नाय. ते मला विचारून करायचं.

हिरव्या परकराचं तोंडातून काढू नको. तो बायांनी मागितला होता.

पूजा


सापगाव, १७ एप्रिल

प्रिय पूजा,

लिहिलं बघ वर.

तू परत धसईला तुझ्या घरी गेल्यापासून इथलं घर भकास वाटतं, असं सासूबाई म्हणतात. मी म्हणत नाही. जिना एका दमात चढवत नाही अजून, पण न्हाणीपासून चुलीपर्यंत न बसता येते. अंगावरचे फोड गेले, खड्डे राहिलेत. माझ्याही भुवईवर एक आहे, उजव्या. आता दोघींना जवळ उभं केलं की जोडी जमते.

किडनीचा आकडा वर गेला होता, तो पुरता खाली आलेला नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पहिल्यासारखी चालेल की थोडी कमी, ते पुढच्या काही महिन्यांत कळेल. मी पूर्वीची असते तर रात्रंदिवस तेच उगाळत बसले असते. आताही उगाळते, पण तू 'तुजी' म्हणालीस ते मधे येतं आणि जरा थांबते.

आणखी एक गंमत. काल सासूबाईंना म्हटलं, त्या दिवशी मी तुम्हाला नावाने हाक मारली, माफ करा, अंगात काही आलं नव्हतं. त्या लिंबाचा पाला वाळत घालत होत्या. म्हणाल्या, "ठावं हाय. बाया एवढ्या रागानं हाक नाय मारत. पण मलाही तुला न्यायचंच होतं, कुणीतरी सांगायला पायजे होतं." आणि पाला झटकत आत गेल्या. आम्ही परत "अगं-तुगं"वर आलो आहोत.

हॉस्पिटलात तू रोज आठ वाजता विचारायचीस, "आज नाय ना घेतलीस?" नर्स हसायच्या, म्हणायच्या, जगात पहिली बहीण गोळी न घेण्याची चौकशी करणारी. ते काचेचं घर सुटलं त्याचा आनंद आहे, पण ते आठ वाजणं मला हवं होतं.

आजपासून ती गोळी परत सुरू करायला सांगितलीय, अर्धी. सकाळी तुला फोन लावला तर लागला नाही. अजून ब्लॉक आहे. तू जाताना म्हणालीस ना, "केला खरा, काढायचा कसा ते समजत नाय." म्हणून हे शेवटचं पत्र दीपेशबरोबर पाठवतेय. गंगीकडे नाही, थेट तुझ्याकडे. तुझा फोन त्याच्या हातात दे, तो बटण दाबून देईल.

आठ वाजता गोळी आणि पाण्याचा तांब्या घेऊन ओटीवर बसते. तू विचारल्याशिवाय घेणार नाही.

तुझी ताई